शब्द पाठ होतात. पण टिकत का नाहीत?

(बी. ए. द्वितीय वर्ष, कला शाखा)

परीक्षा जवळ आली की आपल्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर आणि बसस्थानकातील बाकांवरही एकच दृश्य दिसू लागते. हातात वही, ओठांची पुटपुट चाललेली आणि एकेक इंग्रजी शब्द अर्थासह दहा-दहा वेळा म्हटला जात असलेला. काही जण तर तोच शब्द वीस वेळा लिहून काढतात. मेहनतीत कोणी कमी पडत नाही. परंतु पेपर संपल्यावर पंधरा दिवसांनी त्यांतील किती शब्द शिल्लक राहतात, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

शब्द का विसरतात, असे विचारले तर दोन उत्तरे ठरलेली असतात. 'माझी स्मरणशक्तीच कमी,' हे एक. दुसरे जरा अधिक बोचरे, 'खेड्यातून आलेल्या मुलांची शब्दसंपत्तीच तोकडी असते.' पहिले उत्तर आपण स्वतःला देतो आणि दुसरे इतर लोक आपल्याला देतात. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. दोष आपल्या बुद्धीचा नाही व आपल्या गावाचाही नाही. दोष आहे तो पाठ करण्याच्या पद्धतीचा. आणि चांगली पद्धत कोठून विकत आणावयाची नाही. ती आपल्या घरात पूर्वीपासून आहे. फक्त वहीपर्यंत आलेली नाही.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्यासारखी कितीतरी मुलेमुली अहमदपूर तालुक्याच्या वाडी-तांड्यांतून एस. टी.ने येथे येतात. वर्गात प्राध्यापकांनी प्रश्न विचारला तर उत्तर मनात तयार असते. पण 'सामाजिक स्तरीकरण', 'अभिजात', 'मूल्यमापन' असे शब्द ओठांवर येत नाहीत, आणि इंग्रजीचा तर प्रश्नच नको. मग मान खाली जाते. शब्द नाही म्हणून गप्प बसलेल्याला विचार नाही असे समजले जाते, आणि काही दिवसांनी तो स्वतःही तसेच समजू लागतो. इंग्रजीत एकदा-दोनदा नापास होऊन शिक्षण सोडणारे कमी नाहीत. तेव्हा शब्द लक्षात कसे ठेवावेत, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत शिक्षण पुढे चालू राहणार की नाही, या प्रश्नाचाच एक भाग आहे.

आता शब्दसंपत्ती तोकडी असल्याच्या आरोपाकडे वळू. शेतकऱ्याच्या घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाला तिफण, चाडे, कुळव, वखर, रुमणे, जू, शिवळ, कासरा, वेसण, खळे, तिवडा, कडबा, बुचाड हे शब्द ठाऊक असतात. आता ट्रॅक्टर आले आणि ज्वारीच्या रानात सोयाबीन आले, तरी घरातल्या बोलण्यातून हे शब्द अजून गेलेले नाहीत. काळी, बरड, मुरमाड, चुनखडीची असे जमिनीचे प्रकार त्याला नुसत्या नजरेने ओळखता येतात. ज्वारी पोटरीत आली, निसवली, हुरड्यात आली, या प्रत्येक अवस्थेचा शब्द वेगळा आहे, आणि त्यांत त्याची कधी गल्लत होत नाही. पावसाची नक्षत्रे क्रमाने पाठ असतात. घरातील बायकांना नातेसंबंधांचे, दळण-कांडणाचे, दुखण्या-खुपण्याचे, सणावारांचे शब्द किती येतात याची मोजदाद कोणी केलेली नाही. ही सारी शब्दसंपत्ती वहीशिवाय, गाईडशिवाय, एकही शब्द वीस वेळा न लिहिता जमलेली आहे. ज्याने एवढे शब्द सहज सांभाळले, त्याची स्मरणशक्ती कमी म्हणता येईल काय?

हे शब्द त्याच्या मनात टिकले कसे, याचा नीट विचार केला तर तीन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे शब्दाबरोबर वस्तू होती; 'कासरा' हा शब्द कानावर पडला तेव्हा कासरा हातात होता. दुसरी, तो शब्द वारंवार 'मागितला' गेला. 'अरे, तो रुमणा घे,' असे वडील म्हणाले की मुलाला तो शब्द आठवून ती वस्तू आणावी लागे. चुकीची आणली की तेथल्या तेथे दुरुस्ती होई. तिसरी, हे मागणे एकाच दिवशी शंभर वेळा झाले नाही. आज झाले, चार दिवसांनी झाले, मग पुढच्या पेरणीला झाले. मध्ये थोडे विसरण्याइतके अंतर पडत गेले आणि प्रत्येक वेळी शब्द पुन्हा वर काढावा लागला. वस्तूशी गाठ, आठवून सांगण्याची सक्ती आणि वाढत जाणारे अंतर, ही ती त्रिसूत्री होय.

भजनी मंडळांकडे पाहा. ज्यांना अक्षरओळख नाही असे वृद्ध हरिपाठाचे अभंग न अडखळता म्हणतात. आपल्या भागात मन्मथस्वामींच्या 'परमरहस्या'ची पारायणे होतात. तेथेही पोथी न पाहता ओव्या म्हणणारी माणसे भेटतात. जात्यावर दळताना शेकडो ओव्या गाणाऱ्या आज्या तर आपल्या सर्वांच्याच घरी होऊन गेल्या. येथे चाल आणि ताल यांचा आधार असतो हे खरे. परंतु त्याहून मोठा आधार असतो तो आठवण्याचा. एकाने चरण म्हणावयाचा आणि दुसऱ्याने तो उचलावयाचा. उचलणाऱ्याच्या हातात टाळ असतो, पुस्तक नसते. म्हणजे रोजच त्याची परीक्षा असते. पण तिला कोणी परीक्षा म्हणत नाही.

आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. अमरसिंहाचा 'अमरकोश' हा शब्दकोशच. पण तो पद्यात रचलेला आहे, आणि त्यात शब्दांची मांडणी स्वर्ग, भूमी, वनौषधी अशा वर्गांनी केलेली आहे. कारण तो कपाटात ठेवावयाचा नव्हता, तोंडी ठेवावयाचा होता. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राजव्यवहारकोश' रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केला, तोही श्लोकबद्धच. मात्र या कोशाने आणखी एक धडा दिला आहे. त्यातील सर्व शब्द काही रूढ झाले नाहीत. अमात्य, सचिव, सेनापती हे शब्द राज्याच्या रोजच्या कारभारात वापरले गेले आणि राहिले. परंतु जमीन, कागद, वकील हे शब्द कोणी हलवू शकले नाही, कारण ते लोकांच्या नित्य उपयोगात होते. कोशात घातल्याने शब्द जगत नाही, वापरल्याने जगतो, असाच याचा अर्थ.

मराठवाड्याला तर हा अनुभव फार जवळचा आहे. निजामी राजवटीत येथील कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. आपला अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, नंतर उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गेला आणि १९८२ साली लातूर जिल्ह्यात आला. या काळात सामान्य शेतकऱ्याने, शाळेत न जाताही, नक्कल, मुदत, जामीन, वकालतनामा, खासरा पत्रक असे कितीतरी शब्द आत्मसात केले. त्यांचे स्पेलिंग त्याला कोणी विचारले नाही. पण त्याची जमीन त्या शब्दांवर अवलंबून होती. गरज असेल आणि वापर होत राहील तर परका शब्दही घरचा होतो, याला आणखी कोणता पुरावा हवा?

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हे प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. अर्थ नसलेली अक्षरे तो पाठ करी आणि ठरावीक काळाने तीच पुन्हा पाठ करावयास किती श्रम वाचतात ते मोजी. एका तासानंतर निम्म्याहून अधिक श्रम वाया गेलेले दिसत, आणि महिन्यानंतर जेमतेम एकपंचमांश उरत. परंतु यातील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. गळती सुरुवातीला फार वेगाने होते आणि पुढे मंद होत जाते. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या उजळण्या अधिकाधिक अंतराने केल्या तर थोड्या श्रमात काम होते. परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच शब्दावर पन्नास वेळा नजर फिरवण्यापेक्षा पाच वेगवेगळ्या दिवशी एकेकदा तो आठवणे श्रेयस्कर.

याहून डोळे उघडणारा प्रयोग अमेरिकेतील कार्पिक आणि रोडिगर यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकविण्यात आले. एकदा शब्द बरोबर आला की काहींनी तो पुढे फक्त वाचत राहावयाचे, तर काहींनी तो वारंवार आठवून सांगत राहावयाचे, अशी विभागणी होती. आठवड्यानंतर आठवून सांगणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द येत होते. फक्त वाचणाऱ्यांना सुमारे एकतृतीयांश. मौज अशी की, 'तुम्हांला किती येतील?' असे आधी विचारले तेव्हा सर्वांचा अंदाज जवळजवळ सारखाच, म्हणजे निम्म्याच्या आसपास होता. वाचताना आपल्याला सारे येते आहे असे वाटते. ओळखीचा चेहरा दिसला म्हणून त्या माणसाचे नाव आठवेलच असे नाही; शब्दांचेही तसेच आहे.

एवढ्या विवेचनानंतर प्रत्यक्ष काय करावे, हे सांगणे मला आवश्यक वाटते. नाही तर हा लेखही वाचून विसरला जाईल.

प्रथम शब्द निवडावेत. बाजारात हजारो शब्दांच्या सूची मिळतात. त्या पाहूनच छाती दडपते आणि त्यांतील निम्मे शब्द जन्मात पुन्हा भेटत नाहीत. मायकेल वेस्ट हे बंगालमध्ये अध्यापनाचे काम केलेले इंग्रज शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी १९५३ साली नेहमी लागणाऱ्या सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आधी असे नेहमीचे शब्द, मग आपल्या विषयाचे शब्द, असा क्रम ठेवावा. रोज फक्त पाच शब्द घेतले तरी २०० दिवसांत हजार होतात.

दुसरे, शब्दाची फोड करावी. मराठी-संस्कृत शब्दांच्या बाबतीत तर ही गुरुकिल्लीच आहे. 'हार' या एका अंशाला उपसर्ग जोडले की आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार, अपहार अशी सबंध रांग उभी राहते. इंग्रजीतही हेच चालते. 'जिओ' म्हणजे पृथ्वी हे कळले की जॉग्रफी, जिऑलॉजी आणि जॉमेट्री हे तिन्ही शब्द एका घरातले वाटू लागतात. आणि जॉमेट्रीला आपण 'भूमिती' का म्हणतो, तेही उलगडते.

तिसरे, ज्या शब्दाची फोड होत नाही त्याला आपल्या भाषेची खुंटी द्यावी. 'मीगर' म्हणजे तुटपुंजे. त्याला 'मी गरीब' असे टांगावे. 'वीअरी' म्हणजे थकलेला. त्यासाठी विहिरीचा गाळ काढून दमलेला गडी डोळ्यांसमोर आणावा. हे पोरकट वाटेल. पण ॲटकिन्सन आणि रॉ या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली १२० रशियन शब्दांवर नेमकी हीच युक्ती तपासली होती. खुंटी देऊन शिकणाऱ्यांना ७२ टक्के शब्द आले, इतरांना ४६ टक्के. खुंटी जितकी आपल्या घरातली, तितकी ती पक्की. ज्वारी पोटरीत येते त्या अवस्थेला इंग्रजीत 'बूट स्टेज' म्हणतात. आपल्याकडे पोटरी आणि तिकडे बूट, दोघांनाही पायाचीच आठवण झाली! असा शब्द विसरेल कोण?

चौथे, सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी घेऊ नयेत. परिणाम आणि परिमाण, अपेक्षा आणि उपेक्षा, अशा जोड्या एकत्र पाठ केल्या की दोन्ही एकमेकांत मिसळतात. एक पक्का झाल्यावर दुसऱ्याला हात घालावा.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, शब्द वाचू नये, विचारावा. यासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली कप्प्यांच्या पेटीची पद्धत सुचविली. आपल्याला पेटीचा खर्च नको. प्रत्येक घरात लग्नसराईनंतर पत्रिकांचा ढीग पडलेला असतो. त्यांचे कोरे भाग कापून चिठ्ठ्या कराव्यात. एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस अर्थ आणि स्वतः तयार केलेले एक वाक्य. पत्रिकांचीच पाच पाकिटे घ्यावीत. नवी चिठ्ठी पहिल्या पाकिटात. शब्द पाहून अर्थ आठवला तर चिठ्ठी पुढच्या पाकिटात जाईल. न आठवल्यास पुन्हा पहिल्यात येईल. पहिले पाकीट रोज, दुसरे दोन दिवसांआड, तिसरे आठवड्याने, चौथे पंधरवड्याने आणि पाचवे महिन्याने काढावे. जे येते त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते सुटत नाही. एस. टी.ची वाट पाहण्यात आपला जो वेळ जातो, तेवढा याला पुरेसा आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, पाठांतर हेच मुळात वाईट. मुलांनी समजून घ्यावे. घोकंपट्टीला नावे ठेवण्याची आता पद्धतच पडली आहे. परंतु समजणे आणि आठवणे यांचे वैर नाही. समजलेला शब्द आठवला नाही तर तो समजून काय उपयोग? अर्थाविना घोकणे वाईट हे मान्य. त्यावरचा उपाय स्मरण सोडून देणे हा नव्हे. दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. मोबाईलमध्ये शब्दकोश असताना डोक्यात कशाला भरावयाचे? मान्य, अर्थ पाहावयास मोबाईल उत्तम आहे. पण वर्गात उभे राहून बोलताना, मुलाखतीला बसल्यावर, उत्तरपत्रिका लिहिताना खिशातला शब्द कामाला येत नाही. आणि ज्या पानावर दर ओळीला तीन शब्द अडतात, ते पान मोबाईल घेऊनही कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

आपल्या प्राध्यापकवर्गाला दोन-तीन सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. तासाच्या आरंभी पाच मिनिटे मागील आठवड्यातील पाच शब्द विचारावेत. त्यांस गुण नसावेत आणि चुकल्यास हसणे नसावे. हशाची भीती एकदा बसली की मागच्या बाकावरचा विद्यार्थी वर्षभर तोंड उघडत नाही. नोट्स उतरवून देताना येणारा प्रत्येक नवा पारिभाषिक शब्द फळ्याच्या कोपऱ्यात वेगळा लिहावा. ग्रंथालयातील कोश कपाटात बंद न ठेवता टेबलावर उघडे ठेवावेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. त्यात संस्कृत शब्द आहेत तसेच तिफण आणि चाडेही आहेत. आपल्या घरचे शब्द एवढ्या मोठ्या ग्रंथात छापलेले पाहिले म्हणजे खेड्यातून आलेल्या मुलामुलींची मान आपोआप वर होईल.

आणि मित्रमैत्रिणींनो, एक काम आपणही करू या. भित्तिपत्रकात एक सदर चालवावे. डावीकडे या आठवड्याचे पाच नवे शब्द, उजवीकडे आपापल्या गावाकडचे पाच शब्द. अर्थ दुसऱ्या दिवशी लावावेत. तोपर्यंत प्रत्येकाने आठवून पाहावे. यामुळे नवे येताना जुने जाणार नाही. नव्या शब्दासाठी घरचा शब्द टाकून द्यावा लागतो, असा एक समज आपल्यात मुरलेला आहे. तो काढून टाकला पाहिजे. घरचा शब्द ही अडचण नसून नव्या शब्दाला टांगण्याची खुंटी आहे. ज्याच्या भिंतीला खुंट्या अधिक, त्याच्या घरात वस्तू अधिक मावतात.

तेव्हा आजच्या रात्री वही मिटावी आणि आज शिकलेल्या पाच शब्दांपैकी किती आठवतात ते पाहावे. तीनच आठवले तरी निराश होऊ नये. राहिलेल्या दोहोंची चिठ्ठी पहिल्या पाकिटात टाकावी आणि उद्या पुन्हा विचारावे.